घार, खांदे खाली!

माणसाची मान डावीकडेसुद्धा वळते, याची तिनं आजवर कधी दखलच घेतली नव्हती. त्या संध्याकाळी घेतली — कारण ती वळेना.

क्रेनच्या केबिनमधला तिचा तो पहिला दिवस. पंधरा मजल्यांच्या उंचीवर, काचेच्या डब्यात, दोन हातांत दोन दांडे धरून आठ तास काढायचे आणि मग शिडीच्या एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरून जमिनीवर यायचं. पाय लटपटत होते, ते ठीकच. पण केबिनच्या काचेत मधोमध एक जाड पोलादी पट्टी होती. तिच्या उजवीकडून हूक चांगला दिसे, म्हणून ही बया दिवसभर उजवीकडे मान तिरपी करून, श्वास रोखून, दात आवळून, जीव मुठीत धरून बसली होती. आता दिवस संपला होता. मानेला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं.

तशीच उजवीकडे तोंड करून ती पाण्याच्या फिल्टरपाशी उभी होती, तेवढ्यात डाव्या बाजूनं आवाज आला.

"मॅडम, तुमचा हातमोजा पडलाय."

ती वळली. म्हणजे — आधी पाय वळले, मग कंबर, मग खांदे आणि सगळ्यात शेवटी नाक. त्यामुळे समोरचा माणूस तिला हप्त्याहप्त्यानं दिसला. चिखलाचे बूट. कमरेला वॉकीटॉकी. गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी. हेल्मेटखाली उन्हानं भाजलेले कान. आणि मग… डोळे. ते डोळे हसू दाबायचा प्रामाणिक प्रयत्न करत होते, पण त्यांना ते काही जमत नव्हतं.

"हसताय तुम्ही," ती म्हणाली.

"छे! वळणं बघतोय. हुबेहूब वरच्या क्रेनसारखं. फक्त तिला वंगण घातलेलं असतं."

"माझी मान अगदी ठीक आहे."

"मी मानेचं नाव तरी काढलं का?"

आणि मग तिला तो आवाज ओळखू आला. थोडं खाली… अजून… अजून… बस्स! — दिवसभर कानात बोलणारा आवाज हाच!

"म्हणजे तो खालचा… तुम्ही?"

"आणि ती वरची तुम्ही. आठ तास बोलतोय आपण, आणि ओळख आत्ता होतेय."

त्यानं हातमोजा पुढे केला. तिनं हात पुढे केला, पण बोटं अजून दांडा धरल्यासारखी आकड्यात वळलेली. ती उघडेनात. त्यानं क्षणभर त्या बोटांकडे पाहिलं आणि खुंटीला टोपी अडकवावी तसा हातमोजा अलगद त्यांच्यावर अडकवला. कान तापले — आता तिचे.

साइटवर कुणालाच खऱ्या नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. खाली उभं राहून क्रेनला इशारे देणं हे त्याचं काम, म्हणून तो शिट्टी. ती उंचावरून खाली नजर लावून बसते, म्हणून स्टोअरवाल्यानं तिचं बारसं केलं — घार. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते गेटवरच्या पहारेकऱ्यापर्यंत पोचलं होतं.

तिथं एक मोठं वाचनालय उभं राहत होतं. क्रेन बावीस वर्षं चालवणारे आबा गुडघ्यांपायी निवृत्त होणार होते आणि त्यांची केबिन रिकामी होणार होती. चार वर्षं कंपनीच्या दुसऱ्या साइटवर फोर्कलिफ्ट चालवताना ती तिथल्या क्रेनच्या केबिनकडे मान वर करून बघत आली होती. घरात, दारात, स्वप्नात तिला दुसरा विषय नव्हता. शेवटी साइटच्या मुख्य इंजिनिअर — सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत — तयार झाल्या.

"तीन आठवडे चालवून दाखव," त्या म्हणाल्या होत्या. "तिसऱ्या शुक्रवारी वाचनालयाचं काचेचं छत चढवायचंय. अडीच टन, एक अखंड तुकडा. फुटला तर दुसरा बनायला पाच महिने. तो न झुलवता बसवलास तर केबिन तुझी. झुलला, तर फोर्कलिफ्ट आहेच. तीही काही वाईट नाही."

फोर्कलिफ्ट वाईट नव्हतीच. पण ज्यानं एकदा गच्चीवरून गाव पाहिलं, त्याला खिडकीशी बसवून चालत नाही.

आणि अडचण हीच होती. तिला ती केबिन इतकी हवी होती, की त्या हवेपणानंच तिचे खांदे कानांना जाऊन भिडत.

"हूक सांगतो मला," दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत शिट्टी म्हणाला. दोघं फळ्यांच्या ढिगावर बसले होते — मध्ये दोन माणसं बसतील एवढं अंतर सोडून. "तुमचे खांदे वर गेले की हात कडक होतो. हात कडक झाला की दांडा झटक्यानं सरकतो, आणि चाळीस मीटर खाली हूकला उचकी लागते."

"तुम्ही काय डॉक्टर आहात?"

"डॉक्टर नाही, उशी आहे. माझी थोरली बहीण फिजिओथेरपिस्ट. तिनं सबंध शिक्षण माझ्या पाठीवर केलंय. परीक्षा जवळ आली की मला पालथं पाडायची आणि एकेक स्नायू दाबून नाव विचारायची. ती पास झाली, मी पाठ झालो."

तिला हसू आलं. मग मानेत कळ आली, आणि हसू अर्ध्यावर राहिलं.

"सांगू का?" तो जरासा पुढे झुकला. दोन माणसांचं अंतर दीड माणसावर आलं. "आपल्या शरीराला एकच भीती कळते. वाघाची. साहेब ओरडो, परीक्षा असो की अडीच टन काच असो — शरीर म्हणतं, वाघ आला! मग ते सगळे स्नायू आवळून धरतं. पळायला, नाहीतर झुंजायला. खरा वाघ आला असता तर तुम्ही पळाला असता आणि स्नायू सुटले असते. पण तुम्ही बसलात खुर्चीत. वाघ येतो, जातो… आणि तो गेल्याचा निरोप खांद्यांना कुणी देतच नाही. ते बिचारे पहाऱ्यावरच."

"मग निरोप कसा द्यायचा?"

"उलटा. आधी आणखी आवळायचं. खांदे कानांपर्यंत न्या… आणखी… हां, आता धरा. एक, दोन, तीन, चार, पाच… आणि सोडा. एकदम. श्वासासकट. धपकन."

तिनं सोडले. खांदे खाली आले — आणि खाली येतच राहिले. आपले खांदे एवढे वर होते? केव्हापासून? तिला तर वाटत होतं ते तिथंच असतात! आत कुठंतरी एक घट्ट बसलेलं झाकण फिरलं आणि डोळ्यांत, काही कारण नसताना, पाणी आलं.

"असं होतं," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "माझी बहीण म्हणते, रडू आलं तर समजायचं, निरोप पोचला."

मग काय! रोज एक धडा सुरू झाला. जबड्याचा धडा — जीभ टाळूपासून सुटली पाहिजे, दातांना दात लागता कामा नये. श्वासाचा धडा — आत घ्यायला चार आकडे, बाहेर सोडायला आठ. मानेचा धडा — जोर करून वळवायची नाही. हनुवटी हळूच खाली, मग एका खांद्याकडे, जिथं अडेल तिथं थांबून श्वास सोडायचा, की ती आपणहून आणखी थोडी वळते. मुठीचा धडा. आणि रात्री आईकडून गरम पाण्याची पिशवी.

ती रोज सकाळी पाच मिनिटं आधी पोचू लागली. शिडीच्या पहिल्या पायरीपाशी वाकून बुटाशी काहीतरी करत बसे. नेमका त्याच वेळी शिट्टी तिथून जाई आणि "आज हवा कशी आहे, मॅडम?" असं विचारी.

हवेचं हे प्रकरण म्हणजे त्या दोघांची चोरवाट. साइटवर वॉकीटॉकीचा एकच चॅनल. फोरमन, स्टोअर, गेट, मोठ्या बाई — सगळ्यांना सगळं ऐकू जाई. तिची वॉकीटॉकी केबिनमध्ये डाव्या हाताशी टांगलेली असे. बोलायचं तर ती मुठीत धरून कडेचं बटण दाबायचं. बटण दाबलेलं असेपर्यंत तुमचं जगाला ऐकू जातं, जगाचं तुम्हाला काही येत नाही. अशा चव्हाट्यावर "तुमचे खांदे कसे आहेत?" हे विचारणार कसं? म्हणून मग —

"घार, वरती हवा कशी आहे?"

"जरा चढलीय. डावीकडून."

"श्वास सोडा. म्हणजे… वेग सोडा."

"सोडला. आता हवा शांत."

फोरमन एकदा डोकं खाजवत म्हणालाच, "झाडाचं पान हलत नाहीये, आणि ही दोघं दिवसातून चाळीस वेळा हवा काय विचारतात?" स्टोअरवाला नुसता खाकरला. त्याचं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती, त्याला हवेतलं कळत होतं.

दुसऱ्या आठवड्यात हूकची उचकी थांबली. फळ्यांच्या ढिगावरचं अंतर एका हेल्मेटएवढं उरलं — दोघांमध्ये एकच हेल्मेट ठेवलेलं, कधी त्याचं, कधी तिचं. आबा एकदा गुडघे सांभाळत वर चढून आले आणि केबिनमध्ये तिच्या मागे उभे राहून बघत होते. "पोरी, एक लक्षात ठेव," ते म्हणाले. "लोड झुलला तर त्याला मागे ओढायचं नाही. त्याच्या मागे मागे जायचं. तो आपोआप शांत होतो. आणि खालचा आवाज बंद पडला, तर काही म्हणजे काही करायचं नाही. आहे तिथं थांबायचं. चांगला ऑपरेटर हलवण्यावरून कळत नाही, थांबण्यावरून कळतो."

मग आला गुरुवार. रंगीत तालीम. काचेऐवजी तेवढ्याच वजनाचे सिमेंटचे ठोकळे, आणि खाली मोठ्या बाई हाताची घडी घालून उभ्या.

मोठ्या बाईंना बघताक्षणी वाघ आला. जबडा आवळला, खांदे चढले, हूकला उचकी लागली. ठोकळे झुलले — डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आणि त्या घाईत शिट्टी हवा विसरला, चोरवाट विसरला, सगळंच विसरला. भर चॅनलवर त्याचा आवाज घुमला —

"घार, खांदे खाली!"

खाली कुणीतरी हसलं. तिनं ठोकळे कसेबसे टेकवले. मोठ्या बाईंनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. ते तिला पंधरा मजल्यांवरून दिसलं.

उतरल्या उतरल्या ती थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझे खांदे माझे आहेत! सगळ्या साइटला वाटून टाकायची गरज नव्हती. तुम्ही हूककडे बघा."

त्याचा चेहरा पडला. "बरोबर आहे, मॅडम," एवढंच म्हणाला. ते 'मॅडम' पहिल्या दिवशीच्या 'मॅडम'पेक्षा फार दूरचं होतं. त्यानंतर दिवसभर चॅनलवर फक्त 'वर', 'खाली' आणि 'बस्स'. हवा कशी आहे, हे कुणीही विचारलं नाही.

घरी आईनं तिच्या मानेवर गरम पिशवी ठेवली आणि सहज विचारलं, "शिट्टीशी भांडलीस?"

"तुला कसं कळलं?"

"तीन आठवडे जेवताना दुसरं कुणाचं नाव ऐकलं नाही मी या घरात. आज वरण वाढलं तरी ते नाव नाही. म्हणजे भांडणच." आईनं पिशवी जरा दाबली. "मानेला शेक देता येतो गं. जिभेचं काम जिभेनंच करावं लागतं. उद्या जाऊन बोल त्याच्याशी."

"उद्या काच आहे, आई."

"मग काचेनंतर बोल."

शुक्रवारी ती पाच मिनिटं नाही, पंधरा मिनिटं आधी पोचली. पण शिट्टी आधीच वाचनालयाच्या छतावर चढला होता. बुटाशी वाकून काही उपयोग नव्हता. ती एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या चढली आणि प्रत्येक पायरीवर तिला काहीतरी बोलायचं सुचत गेलं.

काच ट्रेलरवरून उचलली, तेव्हा ऊन तिच्यावर पडलं आणि सगळी साइट क्षणभर उजळली. खाली, वाचनालयाच्या छतावर, तीस-चाळीस पिवळी हेल्मेटं स्तब्ध. मोठ्या बाई छताच्या कठड्यापाशी. आबा खास आलेले, काठी टेकून.

"वर… वर… बस्स. आता फिरवा. सावकाश." त्याचा आवाज कोरडा, कामापुरता.

तिनं फिरवलं. काच हवेतून निघाली — काय सुंदर निघाली! तिच्यावर पाण्याचा पेला ठेवला असता, तर थेंब सांडला नसता. छत आलं. चौकट आली. काच चौकटीच्या वर, पुरुषभर उंचीवर आली.

आणि वारा आला.

मोठा नाही, नुसती एक झुळूक. पण अडीच टन काचेचं शीड झालं आणि ती एका अंगाला सरकली. मागे ओढ, मागे ओढ, असं सगळं अंग ओरडत होतं… तिनं ओढलं नाही. ती काचेच्या मागे गेली. हळूच, तिच्या मर्जीनं. काच एकदा झुलली, अर्धी झुलली — आणि थांबली.

तिनं वॉकीटॉकी मुठीत घेतली, बटण दाबलं. "थांबलेय. सांगा."

उत्तर नाही.

"ऐकू येतंय का? पुढे सांगा."

काहीच नाही. नुसती शांतता. आवाज बंद, तर काही करायचं नाही. तिनं सगळं जागच्या जागी अडकवून ठेवलं आणि काचेवर डोळे रोवून बसली. तो पट्टीच्या डावीकडे कुठंतरी उभा होता. मान डावीकडे वळेना. तीच पहिल्या दिवशीची मान! आणि तिच्या लक्षात न आलेली एक गोष्ट अशी, की वॉकीटॉकीवरची तिची डावी मूठही दगडासारखी झाली होती. अंगठा बटणावर होता. तो सुटलाच नव्हता.

"बोलत का नाही?" ती पुटपुटली, आपली आपल्याशी. खाली चाळीस वॉकीटॉक्या ते शब्दन् शब्द बोलल्या. "हं. रुसलाय. अरे, रुसायचं तर शनिवारी रुस ना! माझ्या हातात अडीच टन काच लटकतेय, आणि हा तिकडे तोंड फुगवून बसलाय!"

खाली फोरमननं शिट्टीकडे पाहिलं. सगळ्यांनीच शिट्टीकडे पाहिलं.

"बरं, चुकलं माझं. ओरडायला नको होतं. खांदे वरच होते, खरंच होतं ते. पण मोठ्या बाईंच्या समोर? त्यांच्याकडे बघून तर माझ्या दातांनासुद्धा घाम येतो…"

मोठ्या बाईंनी घसा साफ केला.

"आणि याला माझे खांदे चाळीस मीटरवरून दिसतात, पण नाकासमोरचं दिसत नाही. रोज सकाळी मी बुटाची नाडी बांधत बसते… माझ्या बुटांना नाड्या नाहीत! चेन आहे! चेन! तीन आठवड्यांत एकदा तरी खाली बघावं ना माणसानं. का बसते मी तिथं, एकदा तरी विचारावं… बोल ना रे. तुझ्या आवाजाशिवाय मला हे जमणार नाही… नाही, जमेल. पण मला तो हवाय."

बोल, म्हणाली ती, आणि बोलायची सोयच नव्हती. चॅनल तिनंच अडवून धरला होता. शिट्टीनं दोन्ही हात उंच करून हलवले. ती बघेना.

मग वरून एक लांब श्वास ऐकू आला.

"ठीक आहे. वाघ आलाय. निरोप द्यायचाय. जबडा… सोड. खांदे वर. आणखी वर. एक… दोन…"

शिट्टीनं आपले खांदे कानांपर्यंत नेले. का, ते त्यालाही कळलं नाही. तेवढंच हातात होतं. शेजारच्या वेल्डरनं त्याच्याकडे पाहिलं आणि आपलेही नेले. मग फोरमननं. मग एकेक करून सगळ्यांनी.

"…तीन… चार… पाच. सोड!"

चाळीस जोड्या खांदे धपकन खाली आले.

"आता मान. जोर नाही करायचा. हनुवटी खाली… डावीकडे… अडलं. श्वास सोड. आणखी थोडी… आणखी…"

आणि ती वळली. पट्टीच्या पलीकडे तिला छत दिसलं. छतावर रांगेत उभी पिवळी हेल्मेटं, सगळ्यांच्या हनुवट्या डाव्या खांद्याकडे. आबा काठी काखेत धरून तेच करत होते. मोठ्या बाईसुद्धा! आणि सगळ्यांच्या पुढे, कठड्यावर, दोन्ही हात पसरून… तो. त्यानं वर बोट दाखवलं, आपली मूठ घट्ट मिटली, आणि एकेक बोट करत उघडली.

तिनं आपल्या मुठीकडे पाहिलं. अंगठा. बटण. त्यावरचा लाल दिवा.

"अगं बाई!"

आणि तिला हसू फुटलं. पोटातून, खांद्यांतून, सगळीकडून. हसता हसता मूठ आपोआप उघडली, आणि टक् करून चॅनल मोकळा झाला.

"घार," त्याचा आवाज आला. कोरडा मुळीच नव्हता. "ऐकू येतंय?"

"किती… किती ऐकलं?"

"चेनपासूनचं. आणि त्याच्या आधीचंही."

"कुणी कुणी?"

"गेटपर्यंत. आधी काच उतरवू. लाजायचं नंतर. हवा कशी आहे?"

तिनं चार आकड्यांत श्वास घेतला, आठ आकड्यांत सोडला. "एकदम शांत."

"मग ये खाली. सावकाश. अजून… अजून… एक बोट… अर्धं बोट…"

काच चौकटीत बसली. आवाजसुद्धा झाला नाही.

"बस्स," तो म्हणाला.

जी बोंब उठली, ती ऐकायला वॉकीटॉकीची गरज नव्हती.

खाली उतरताना मात्र तिला एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या कमी वाटल्या. एवढ्यात जमिनीवर पोचायची तिची तयारी नव्हती. शिडीच्या पायथ्याशी मोठ्या बाई उभ्या होत्या, वही उघडून.

"चूक एक," त्या म्हणाल्या. "चार मिनिटं चॅनल अडवलास. सोमवारपासून तुझ्या केबिनमध्ये पायानं दाबायचं बटण बसेल. तुझ्या हाताचा भरवसा नाही."

तिनं खाली मान घातली. मग शब्द डोक्यात शिरले. "माझ्या… केबिनमध्ये?"

"आवाज गेला आणि तू थांबलीस. काच चार मिनिटं केसभर हलली नाही. हलवणारे मला पुष्कळ मिळतात." बाईंनी वही मिटली. जाता जाता त्यांनी एक खांदा गोल फिरवला. "आणि काय गं, ते पाच आकड्यांचं… बरं वाटतं हां. दात मात्र पुसत जा, घाम येतो म्हणालीस."

त्या गेल्या. आबा गेले, काठीनं तिच्या हेल्मेटवर टकटक करून गेले. स्टोअरवाल्यानं सगळ्यांना चहाला हाकललं आणि स्वतः सगळ्यात शेवटी, खाकरत गेला.

"मॅडम, तुमचा हातमोजा पडलाय."

आवाज डावीकडून आला. ती वळली. फक्त मान, आणि ती अगदी सहज वळली.

तो हातमोजा धरून उभा होता. त्याचे खांदे कानांना भिडले होते.

"खांदे," ती म्हणाली.

"येत नाहीत खाली. वाघ आहे समोर."

"घार आहे."

"तेच ते." त्यानं बोटानं तिच्या बुटांकडे दाखवलं. "चेन पहिल्या दिवशीच दिसली होती मला. बूट बघतच वर आलो होतो ना त्या दिवशी, तुम्ही वळत होतात तेव्हा. म्हणजे… तू. रोज सकाळी वाटायचं, विचारावं. मग वाटायचं, विचारलं आणि ही उद्यापासून बसेनाशी झाली तर? म्हणून हवा विचारायचो. काल तुझा राग आला नाही मला. स्वतःचाच आला. तू म्हणालीस हूककडे बघा… मी हूककडे कधी बघतच नव्हतो गं. हूक फक्त मध्ये यायचा."

वर, चार मिनिटांत, तिचं सगळं बोलून झालं होतं. तिनं हातमोजा घेतला नाही. हातमोजा धरलेला हातच घेतला.

"मूठ घट्ट," ती म्हणाली. "धर. मी मोजते. एक…"

त्यानं धरली. त्याचा तळवा खरखरीत होता. "दोन… तीन…" त्याचे खांदे एकेक इंच खाली येऊ लागले. "चार…" चहाच्या टपरीकडून कुणीतरी शिट्टी वाजवली. "पाच."

दोघं तसेच उभे.

"पाच झाले," तो हळूच म्हणाला. "आता सोडायचं असतं."

"मोजायला चुकले मी," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून."